न आलेल्या खेळाचा जाणकार

निफाड तालुक्यात बंटी नसलेलं गाव सापडणार नाही. त्यातल्या दर दुसऱ्या बंटीकडे आतून निळे-जांभळे दिवे लागणारा कॉम्प्युटर असतो आणि त्याचे हप्ते वडील द्राक्षाच्या पट्टीतून भरत असतात. आमचा बंटी त्यांच्यातलाच. शिक्षण बी.एस्सी. ॲग्री, घरची चार एकर थॉमसन, वय लग्नाचं उलटून चाललेलं. काय करतोस म्हणून विचारलं तर ‘बाग बघतो’ म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण जीव ओतून तो करतो ते काम निराळं आहे. जगातले जे मोठमोठे गेम अजून आलेलेच नाहीत, त्यांचा तो जाणकार आहे.

आलेल्या गेमचं त्याला कौतुक नाही. तो काय, कुणीही पैसे टाकून खेळेल. बंटीला लागतो तो दोन-तीन वर्षं लांब असलेला, तलवारी, चेटूक आणि राक्षसांचा, कुठूनही कुठेही भटकता येईल अशा अवाढव्य मुलखाचा गेम. कंपनी म्हणते, समोर दिसतो तो डोंगर तुम्हाला चढता येईल. बंटी त्या डोंगराकडे डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, “चढता येईल, पण वर काय ठेवलंय ते सांगा ना.”

हे सगळं चालतं माडीवरच्या खोलीत. आमच्याकडची थंडी पेपरवाल्यांच्या लाडाची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी निफाडचं नाव पहिल्या पानावर. अशा दिवसांत बंटीच्या आईचं विरजण काही लागत नसे. मग तिला शोध लागला की कॉम्प्युटरच्या डब्यामागून गरम हवा येते. तेव्हापासून दह्याचं पातेलं तिथे. पण नुसता ट्रेलर बघून डबा तापत नाही, त्याला मोठा गेम लावावा लागतो. त्यामुळे ‘गेम खेळ’ म्हणून पोराच्या मागे लागणारी ही तालुक्यातली एकमेव आई असावी. “बंट्या, तो घोड्याचा लाव ना रे, दही लागंना,” ती जिन्यातून ओरडते. बंटी ‘विचर ३’ लावतो, घोडा एका पुलावर उभा करून ठेवतो आणि मोबाईलवर पुन्हा पुढच्या ‘विचर’चा ट्रेलर बघायला घेतो.

बंटीची एक वही आहे. वही म्हणजे खरं तर फवारणीचं रजिस्टर. द्राक्ष युरोपला पाठवायचं तर कोणतं औषध, किती, तोडणीच्या किती दिवस आधी मारलं याची नोंद लागते. २०१० साली आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा निम्म्या तालुक्याला घाम फुटला होता. ‘लिहोसिन’ हा शब्द त्या वर्षी लोक शिवीसारखा उच्चारत होते. बंटी तेव्हा शाळेत होता. डब्यावर काय लिहिलंय ते कोण विचारतो, लॅबच्या रिपोर्टात काय येतं ते बोल, हे त्याने जेवताना ऐकलेलं. तेच रजिस्टर उलटं करून मागच्या पानापासून त्याने गेम कंपन्यांची आश्वासनं उतरवली आहेत. तीन रकाने: ‘बोलले’, ‘दाखवलं’, ‘निघालं’. तिसरा रकाना बराचसा कोरा आहे.

या उलट्या वहीतलं पहिलं नाव पीटर मॉलिन्यू यांचं. त्यांच्या चमूने २००४ मध्ये ‘फेबल’ नावाचा गेम आणला. येण्याआधी मॉलिन्यूंनी सांगून ठेवलं होतं की खेळताना तुम्ही ओकचं बी पाडलंत, तर कालांतराने त्याचं झाड होईल. गेम आला, लोकांना आवडला, पण झाड काही उगवलं नाही. पुढे मॉलिन्यूंनी वाढवून बोलल्याबद्दल जाहीर माफी मागितली. बंटीने ही हकीकत एकदा अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितली. अण्णा बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी गांभीर्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बी कुण्या नर्सरीचं होतं?”

नवा ‘फेबल’ येतोय असं २०२० मध्ये जाहीर झालं. बनवणारे वेगळे, आजवर मोटारींच्या शर्यतीचे गेम करणारे. २०२५ म्हणाले, मग २०२६ म्हणाले. बंटीने वहीत दोन्ही वर्षं लिहून पहिलं खोडलं आणि दुसऱ्याखाली पेन्सिलने हलकी रेघ मारून ठेवली, म्हणजे खोडायला सोपं. ‘एल्डर स्क्रोल्स ६’चं पान तर बघवत नाही. २०११ च्या नोव्हेंबरात ‘स्कायरिम’ आला, त्याचा हा पुढचा भाग. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीने मिनिटभरसुद्धा नसलेला एक तुकडा दाखवला: डोंगर, किनारा, वर नाव. बस. त्या तुकड्यावर बंटीचं पानभर टिपण आहे. “ही भिंत पडकी आहे, म्हणजे इथं आधी वस्ती असणार,” असं तो मला पुरातत्त्व खात्याच्या माणसासारखं समजावत होता. मी म्हटलं, डोंगर मला सप्तशृंगीसारखा वाटतोय. त्याने तेही टिपून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह काढून.

सगळ्यात जास्त पानं मात्र ‘विचर ४’ची. डिसेंबर २०२४ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने तो जाहीर केला. यात आधीचा नायक गेराल्ट नाही, त्याने वाढवलेली सिरी आहे. २०२७ च्या आधी येणार नाही हेही कंपनीनेच सांगून टाकलं. या प्रामाणिकपणाचा बंटीला थोडा रागच आला, कारण तारीख पुढे जाणार हे त्याला स्वतःला शोधून काढायचं होतं. मग जून २०२५ मध्ये एक प्रात्यक्षिक दाखवलं. वाल्ड्रेस्ट नावाचं बंदर, तिथे भरलेला बाजार आणि त्यात एका वेळी ३०० माणसं हिंडताहेत. सिरी गर्दीतून जाते, धक्का लागून एकाची सफरचंदं सांडतात, डुकरं धावत येतात. कंपनीने लगेच खुलासा केला की हे फक्त तंत्राचं प्रात्यक्षिक आहे, गेम नव्हे. बंटीने तो बाजार इतक्या वेळा बघितला की त्यातल्या माणसांना तो आता ओळखीने हाक मारील.

“काका, प्रश्न ३०० चा नाही,” तो म्हणाला. “ही माणसं रात्री घरी जातात का, ते बोला. पाऊस आला तर माल झाकतात का? ‘स्कायरिम’वाले त्यांच्या आधीच्या ‘ऑब्लिव्हियन’च्या वेळी २००५ मध्ये हेच बोलले होते. प्रत्येकाला आपली कामं, आपली झोप, आपली भूक. निघालं काय? दोन माणसं समोरासमोर येतात, चिखलातल्या खेकड्यांबद्दल एकेक वाक्य बोलतात आणि राम राम करून जातात.”

मी म्हटलं, लासलगावला कांद्याच्या लिलावात उभा राहा एकदा. ट्रॅक्टरच्या रांगेत माणसं काय वेगळं बोलतात? ‘काय निघाला?’ ‘काय खरं नाही राव.’ संपलं. यावर बंटीने विचार केला आणि कबूल केलं की लासलगावची माणसंसुद्धा फार तपशिलात केलेली नाहीत. पुढच्या खेपेला तो स्वतः कांदा घेऊन गेला, तेव्हा व्यापारी पुढे सरकला की मागून येणारी माणसं एकाच लयीत कशी चालतात हे बघत राहिला. पुकारा होऊन गेला ते त्याला कळलंच नाही. शेजारच्या ट्रॉलीवाल्याने हलवून सांगितलं, “भो, तुझा गेला.”

गेम येण्याआधीच पैसे भरून ठेवायची जी पद्धत आहे, तिच्यावर बंटीचं ठाम मत आहे आणि ते मला पटतं. बागेचा सौदा होतो तेव्हा विसार कोण देतो? व्यापारी. इथे माल अजून वेलीवर नाही, गोडी भरली का माहीत नाही, आणि विसार गिऱ्हाईक देतंय! २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा तो जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत चालायचा की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला घेतले. बंटीने तो घेतला नव्हता. तो त्याचा सुवर्णकाळ. बाजारपेठेतल्या चहाच्या टपरीवर महिनाभर त्याचा शब्द चालला. पैसे भरून बसलेला मेडिकलवाल्यांचा पोरगा तर बंटी आला की चहा अर्धा टाकून निघून जायचा.

अण्णांचा या सगळ्याशी संबंध यायचं कारण नव्हतं. पण एका जानेवारीत बागेत शेकोट्या पेटवून पहाटे ते वर आले, हात शेकायला डब्यामागे, दह्याशेजारी बसले, आणि पडद्यावर त्यांना द्राक्षाचा मळा दिसला. ‘विचर ३’ची ‘ब्लड अँड वाइन’ नावाची २०१६ मधली पुरवणी आहे. तिच्यात तूसां नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे आणि तिथली राणीसाहेब गेराल्टला एका कामाच्या मोबदल्यात चक्क मळा देऊन टाकते. अण्णा पुढे सरकले.

“बोअर कुठंय?”

“नाहीये, अण्णा.”

“ब्लोअर?”

“नाही.”

“सोसायटीचं कर्ज?”

“गेममध्ये कर्ज नसतं त्याच्यावर.”

“मग ह्याला त्रास काय?”

बंटीने सांगितलं की आसपासच्या मळ्यांत माणसं खाणाऱ्या वेली उगवतात, त्या तलवारीने कापाव्या लागतात. अण्णांनी मान डोलावली. “हां. डाउनीचा रोग नाही तर हे. काहीतरी असणारच.” तासभर बसून त्यांनी ओळीतलं अंतर, घडांचा आकार, पानांचा रंग सगळं तपासलं आणि निकाल दिला की माणूस सज्जन आहे, पण एप्रिलची छाटणी चुकलेली आहे.

त्याच पहाटे बंटीने उत्साहाच्या भरात त्यांना ‘स्कायरिम’मधली ती प्रसिद्ध युक्ती दाखवली. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालायची. त्याला काही दिसत नाही, तो तक्रारही करत नाही. मग दुकान मोकळं करायचं. दोन हंगामांपूर्वी परप्रांतातला एक व्यापारी अण्णांचा माल भरून घेऊन गेला होता, चेक परत आला आणि फोन लागेनासा झाला. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, “परत घाल.” बंटीने परत घातली. “आता ते क्रेट घाल.” क्रेट काही नव्हतं, टोपली होती, टोपली घातली. आई दह्याचं पातेलं घ्यायला आली तेव्हा हे दोघं बाप-लेक त्या दुकानदाराला एकामागून एक भांडी घालत होते आणि खाली मजूर बायका येऊन थांबल्या होत्या.

बंटीचा खरा पराभव २२ एप्रिल २०२५ ला झाला. ‘ऑब्लिव्हियन’ची नव्याने सजवलेली आवृत्ती त्या दिवशी जाहीर झाली आणि त्याच दिवशी विकायला आली. ना तारीख, ना तारीख पुढे जाणं. बंटी रात्री माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. “असं कुठं असतं का काका? सांगितलं आणि दिलं?” शंका घ्यायला त्याला एक दिवससुद्धा मिळाला नव्हता. शिवाय खरड छाटणी चाललेली, कात्री सोडून बसायची सोय नाही. छाटणी उरकली तोवर लोकांचा तो खेळून झाला होता.

पुण्यात झालेल्या ‘राजी’ या गेमबद्दलही त्याची अशीच गोची आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्या मंडळींनी २०२० मध्ये तो पुरा करून आणला. बंटी त्यांच्याबद्दल आदराने बोलतो, पण फार वेळ बोलू शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरी तालुक्यातून स्थळ आलं. मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत. मी मधला माणूस असल्याने हजर होतो. सगळं नीट चाललं होतं. अण्णांनी सुपारी कातरत सहज सांगितलं, “नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घ्यायचं चाललंच आहे.” मुलीच्या वडिलांनी खात्रीसाठी बंटीकडे पाहिलं. बंटीला खोटं बोलता येत नाही, निदान या विषयात तरी. तो म्हणाला, “फ्लॅट जाहीर झालाय. काम सुरू नाही. तारीख धरू नका.”

अण्णांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. मुलगी मात्र पहिल्यांदा वर बघून म्हणाली, “तुम्ही गेम खेळता?”

“थोडे.”

“सायबरपंक?”

“नाही. आला तेव्हा किती खराब होता…”

“तेवीसच्या सप्टेंबरात दोन-शून्य अपडेट आलं, त्यानंतर?”

बंटी गप्प.

“विचर तीन तरी पुरा केलाय?”

“घोडा उभा करून ठेवलाय.”

मग तिने त्या वहीचं ऐकलंय म्हणून वही मागितली. ऐकलं कुठे, तर माझ्याकडूनच. बंटी वरून वही घेऊन आला, पण ती आधी मुलीच्या वडिलांच्या हातात पडली आणि सुलट्या बाजूने उघडली. ते दिंडोरीचे, स्वतः बागायतदार. “फुलोऱ्यात हे औषध मारलं? आणि डाउनी थांबला?” अण्णा म्हणाले, थांबला की. “शक्य नाही.” दोघंही उठले, चपला घालून तरातरा बागेकडे निघाले. आई पोह्यांच्या बश्या हातात घेऊन दाराशी उभी.

वही आता मुलीपुढे होती, उलट्या बाजूने. तिने पर्समधून लाल पेन काढलं. “हे वाल्ड्रेस्टचं कापा. डेमो आहे असं त्यांनी सांगितल्यावर ती चूक धरता येत नाही. हे कोणत्या मशीनवर बघितलं ते लिहिलेलं नाही. आणि झाडाची तक्रार दोनदा नोंदवलीय तुम्ही.”

“एक जुन्या फेबलची आहे,” बंटी म्हणाला, “दुसरी आगाऊ.”