बाटली महिन्याची, काम वर्षाचं

नामपुरात केसगळतीचं औषध मिळायला काहीच अडचण नाही. मेडिकलवर मिनॉक्सिडिल मागा, ६० मिलीची बाटली समोर येते. माझी तक्रार औषधाबद्दल नाही. ते किती दिवसांनी लागू पडतं हे सांगायची जबाबदारी कुणीच घेत नाही, याबद्दल आहे. "किती दिवस लावायचं?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "लावत राहा." आतला कागद उघडावा तर इंग्रजी, आणि तेही इतकं बारीक की भिंग लागेल.

दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिली, कोरड्या टाळूवर लावायचं. या हिशेबाने बाटली महिनाभरात संपते. फरक दिसायला मात्र निदान चार महिने लागतात, आणि उपयोग झाला की नाही हे ठरवायला वर्ष द्यावं लागतं. डोक्यावरचा केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो, त्याला औषध तरी काय करणार? एका बाटलीत निकाल मागणारा माणूस चुकलेला नाही. त्याला एक बाटली विकून गप्प बसणारे चुकले आहेत.

खरा घात पहिल्या दोन महिन्यांत होतो. औषध सुरू केल्यावर बऱ्याच जणांचे केस आधी जास्तच गळतात. उशीवर केस, कंगव्यात केस, मोरीच्या जाळीवर गुंता. विश्रांतीला गेलेले जुने केस सुटतात आणि त्याच मुळांतून नवे निघायला लागतात, म्हणून हे होतं. आमच्या बागलाणातल्या डाळिंबवाल्याला हे एका वाक्यात कळेल. बहार धरताना तो बागेला ताण देतो, इथरेल मारून पानगळ करतो, आणि उघडी पडलेली झाडं बघून घाबरत नाही, कारण पुढे फूट येणार हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. डोक्याच्या बाबतीत तेवढं सांगणारा भेटत नाही. मग माणूस नेमका याच वेळी बाटली फेकून देतो आणि "औषधाने उरलेले पण गेले" असं गावभर सांगतो.

त्यात भर बघणाऱ्यांची. आठ दिवस झाले नाहीत तोच पारावर विचारणा सुरू होते, "काय भो, उनात का केस?" लग्नात भेटलेले पाहुणे सगळ्यांसमोर टाळूकडे बघून कांद्याचा रस सुचवतात. जाहिरातीत दोन फोटो शेजारी शेजारी छापतात. मधे किती महिने गेले, ते खाली लिहीत नाहीत. हे मला फसवणुकीइतकंच वाईट वाटतं.

ही काही नवी, अजून तपासायची गोष्ट नाही. १९७९ साली मिनॉक्सिडिल अमेरिकेत रक्तदाबाची गोळी म्हणून आलं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचं लावायचं औषध तयार झालं आणि १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आणखी एक गोष्ट तेव्हापासून माहीत आहे: औषध बंद केलं की मिळालेले केस काही महिन्यांत परत जातात. पहिली बाटली घेणाऱ्याला हे आधी कळायला नको का?

शिवाय प्रत्येक केसगळतीला ही बाटली लागतच नाही. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि बहुतेक वेळा आपणहून परत येतात. शेगाव तालुक्यातल्या गावांत डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काही दिवसांतच लोकांना टक्कल पडलं, तेव्हा पाण्याचे, रक्ताचे नमुने तपासावे लागले. कारण कळल्याशिवाय तेल, लोशन थापण्यात अर्थ नसतो. म्हणून मालेगाव-नाशिकला जाऊन त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवावं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

माझी मागणी एका मराठी चिठ्ठीची आहे, ठळक अक्षरांतली, खोक्यावर चिकटवलेली. चार महिने धीर धरा. सुरुवातीला जास्त गळतील. वर्षभरात फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबा. आणि घरात मांजर असेल तर ओलं डोकं, उशी, सांडलेला थेंब यांपासून तिला लांब ठेवा, कारण हे औषध थोडंसं पोटात गेलं तरी मांजर मरू शकतं. हेही काउंटरवर कुणी सांगत नाही.