बोर्डावरचा ‘नो’ कुठं गेला?

गावाचं नाव सांगत नाही. वलगावातून अमरावतीकडं, परतवाड्याकडं आणि दर्यापूरकडं रस्ते जातात. त्यातल्या कोणत्याही रस्त्यावरचा एखादा चौक धरा. तिथं कापडाच्या दुकानासमोर पत्र्याची पाटी आहे, ‘नो पार्किंग’. परवा त्या पाटीला खेटून पोलिसांची बोलेरो उभी होती. टपावरच्या दिव्याआड पाटीतला ‘नो’ बरोबर झाकला गेला होता आणि ‘पार्किंग’ तेवढं झकास वाचता येत होतं. एका पोरानं तिच्यामागं आपली मोटारसायकल लावली.

“काहून बे, बोर्ड दिसत नाही काय?” शिपायानं हटकलं.

“दिसते न साहेब. पार्किंग लिहून आहे.”

शिपायानं मान वळवून पाहिलं. खरंच तसं लिहून होतं.

“आम्ही ड्यूटीवर आहो.”

“मंग मी बी ड्यूटीवरच आहो जी. बुढ्याच्या गोया न्याले आलो.”

साहेबांची ड्यूटी समोरच्या टपरीवर चालू होती. कागदात दोन आलुबोंडे आणि वरून तळलेली मिरची. माणसानं खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. बारा-बारा तास उन्हात उभं राहणाऱ्याला आलुबोंडा मिळालाच पाहिजे. प्रश्न फक्त एवढाच, की आलुबोंड्याला ‘नो पार्किंग’मधून सूट आहे का?

‘ड्यूटीवरच्या पोलिसाला सूट द्यावी’ हे ऐकायला रास्त वाटतं. पण ही ड्यूटी सुरू कधी होते आणि संपते कधी? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८ सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायम कामावर आहे असंच समजायचं. त्यामागचा हेतू चांगला आहे. डोळ्यांसमोर चोरी होत असताना ‘माझी पाळी संपली’ असं त्याला म्हणता येऊ नये, यासाठी ते कलम. म्हणजे पोलिसाच्या मानेवर ठेवलेलं ते जू आहे. पण त्याचाच पास करून घेतला, की भाजी घेताना ड्यूटी, साळ्याच्या लग्नात ड्यूटी, पोराला ट्यूशनला सोडताना ड्यूटी. ‘ड्यूटीपुरती सूट’ म्हणजे मग फक्त रजेच्या दिवशी दंड. आणि पोलिसाला रजा किती मिळते, ते त्याच्या बायकोला विचारा.

आता मोटार वाहन कायदा. पोलिसाला, अग्निशमन दलाला, रुग्णवाहिकेला जिथं सूट द्यायची तिथं ती या कायद्यानं नाव घेऊन दिली आहे. परवान्याच्या कलम ६६ मध्ये ती स्पष्ट लिहिलेली आहे. दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करू नये, असं सांगणाऱ्या कलम १२२ मध्ये मात्र पोलिसांचं नाव नाही. विसरले असतील म्हणावं, तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०-ब घातलं गेलं. कायदा राबवणाऱ्यानंच गुन्हा केला तर त्याला दंड दुप्पट. आपल्याला पाचशे, त्यांना हजार. म्हणजे सूट द्यावी की नाही यावर आपण पारावर बसून वाद घालतोय, आणि संसदेनं कधीच उलट्या बाजूनं निकाल देऊन ठेवलाय.

या कलमाखाली फाटलेली एक तरी पावती कुणी पाहिली असेल तर मला दाखवावी. आलुबोंडा माझ्याकडून.

कारण पावती फाडायची कुणी? शिपायानं मोबाईल काढून आपल्याच साहेबाच्या जीपचा फोटो घ्यायचा? १९८२ साली दिल्लीत पंतप्रधानांच्या ताफ्यातल्या गाडीवर चुकीच्या पार्किंगची कारवाई झाली. तेव्हापासून तिथल्या वाहतूक पोलिसांच्या अधिकारी किरण बेदींचं नाव ‘क्रेन बेदी’ पडलं. प्रत्यक्ष पावती फाडणाऱ्या फौजदाराचं नाव निर्मल सिंग होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? बेदी त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, म्हणून तो निभावला. आपल्याकडच्या निर्मल सिंगाच्या पाठीशी कोण आहे, हे तो पावतीपुस्तक उघडण्याआधी बघून घेतो. शहाणाच म्हणायचा.

पोलिसांची एक बाजू खरी आहे आणि ती कोणी बोलत नाही. अपघात झाला, मारामारी झाली, कुणी विहिरीत पडलं, तर जीपनं जागा शोधत फिरावं असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. तेव्हा पुलावर लावा, चौकाच्या मधोमध लावा. दिवा आणि सायरन लावून धावणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे वाहतुकीच्या नियमांतही आहे. आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस, असा क्रमसुद्धा ठरलेला आहे. ती वाट कामाला दिली आहे, गाडीला नाही. जीपचं दार उघडं, दिवा फिरतोय आणि माणूस पळतोय, तर कोणी चकार शब्द काढत नाही. जीप बंद, काचा वर आणि चालक आरशात भांग पाडतोय, तर तिथं कसली घाई आहे हे गावातल्या लहान पोरालाही कळतं.

शिवाय जीप रस्त्यावर येते, त्याचं एक कारण ठाण्याच्या आवारात पडलेलं असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात डोकावून बघा. रेतीचे जप्त ट्रॅक्टर, अपघातातले चेपलेले ट्रक, चोरीच्या मोटारसायकलींचा ढीग. टायरातून बाभळी उगवल्यात, सीटवर कोंबडी अंडी घालते. मुद्देमाल आवारात आणि पोलीस रस्त्यावर! सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलं होतं, की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर कलम ४९७ आहे. न्यायालयानं चौदा दिवसांत मालाचं वर्णन करून घ्यायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यायचा. हे झालं तर जीपला घरची जागा मिळेल आणि कोंबडीला दुसरीकडं जावं लागेल. सूट मागण्यापेक्षा हे मागा की.

राहिला प्रश्न खासगी गाड्यांच्या काचेवर लावलेल्या ‘पोलीस’ पाटीचा. १ मे २०१७ ला देशभरातल्या मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा उतरला. आपल्याला वाटलं, संपलं. दिवा गेला तशी पाटी आली. न्यूयॉर्कमध्येही काचेमागं सरकारी कार्ड ठेवून फुटपाथवर गाड्या लावायचा रोग जुनाच आहे, असं वाचल्यावर मला उगाच बरं वाटलं. पाटी पुतण्याच्या गाडीवर असते, मेव्हण्याच्या असते. कलम २८ मध्ये मेव्हणा कुठं बसतो, ते मात्र मला अजून सापडलेलं नाही.

वलगावात राहून या गोष्टीवर लिहिताना पेढी नदी आठवतेच. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी तिच्या काठी, अमरावतीकडं जाणाऱ्या गाडीत देह ठेवला. त्याआधी महिना-दीड महिना, ८ नोव्हेंबरला, त्यांचं शेवटचं कीर्तन झालं ते मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात. श्रोत्यांत पोलीसच असणार. गावात शिरलं की आधी खराटा हाती घेणारा आणि कुणी पाया पडायला आलं तर अंगावर धावून जाणारा माणूस. झाडताना वाटेत जीप आडवी आली असती, तर कुणाची आहे हे बाबांनी आधी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

त्या पोराचं काय झालं? औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन तो बाहेर आला, तोवर बोलेरो गेली होती आणि पाटीवर ‘नो’ परत आला होता. संध्याकाळी मोबाईलवर ई-चलान आलं, पाचशेचं. फोटोत त्याची मोटारसायकल आहे, नंबर स्वच्छ आहे, मागं पाटी आहे. आणि डाव्या कोपऱ्यात बोलेरोचं अर्धं चाक. दंड त्यानं भरला. फोटो मात्र पुसला नाही. विचारलं की दाखवतो.