आक्कांचा वजनकाटा

माळशिरसच्या गल्लीत एखाद्या सुनेला दिवस गेले, की बातमी आधी आक्कांना कळते, मग तिच्या नवऱ्याला. पोरगी सकाळी मोरीत दोनदा ओकली, फोडणीच्या वासानं नाकाला पदर लावला, एवढ्यावर आक्कांचं निदान पक्कं. दुसऱ्या दिवशी त्या दारात हजर. हातात झाकलेलं ताट आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "आता दोन जिवांची हाईस. दोघांचं खायाचं."

आक्का नक्की कुणाच्या कोण, हे विचारायचं नसतं. कुणाच्या चुलत सासू, कुणाच्या मावशी, उरलेल्यांच्या शेजारीण. माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला असते, तेव्हा पंगतीत वाढताना "बास, माउली, बास" हे ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची सवय त्यांना लागली. तीच सवय वर्षभर गल्लीतल्या पोटुशींवर चालते. फरक एवढाच, की वारकरी दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या वाटेला लागतो. पोटुशीला नऊ महिने सुटका नाही.

सकाळी तूप सुटलेला शिरा, दहाला शेंगदाण्याचा लाडू, दुपारी दोनाच्या जागी चार भाकऱ्या, उन्हं कलली की तांब्याभर उसाचा रस, रात्री केशर घातलेलं दूध. केशर पोर गोरं निपजावं म्हणून. बाप, आजा, पणजा सगळे पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या रानात रापलेले, पण आक्कांना प्रयत्न सोडणं माहीत नाही. पपई दिसली की काढून घेतात, मग ती कच्ची असो की पिकून पिवळी झालेली. डॉक्टर कच्च्या पपईपुरतं नको म्हणतात, हे त्यांच्या लेखी नवशिक्यांचं मत. सगळ्यात मोठं वैर मात्र लोहाच्या लाल गोळीशी. तिनं पोर काळं होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. गोळीनं काळी पडते ती फक्त शी, पोराच्या रंगाशी तिचा काही संबंध नाही, हे आशाताईंनी त्यांना मोठ्यानं, चारचौघांत सांगून झालं. तरी एका घरी गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागं सापडलीच.

आक्कांचा वजनकाटा म्हणजे त्यांचा अंगठा आणि मधलं बोट. पोटुशीचा दंड त्या दोन बोटांत धरतात, जरा दाबतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात : "हाड लागतंय." आजवर हाड लागलं नाही अशी पोटुशी त्यांच्या हाताखालून गेलेली नाही. त्यामुळं अंगणवाडीतला काटा महिन्यात चार किलो वाढ दाखवतो, तेव्हा त्यांच्या मते बिघाड काट्यात असतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. आक्का कुणा ना कुणाबरोबर जातातच. एकदा सिस्टरनं एका सुनेचं वजन माता-बाल कार्डावर लिहिलं आणि शांतपणे सांगितलं, "आक्का, पहिले तीन महिने जादा काही लागत नाही. पुढं दिवसाला साडेतीनशे कॅलरी. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. अंगानं बेताची असेल तर नऊ महिन्यांत दहा ते बारा किलो वाढ पुष्कळ झाली. वाळकी असेल तर थोडी जास्त, जाड असेल तर कमी."

आक्कांनी बोटांवर हिशेब केला. "पोर तीन किलोचं. मग बाकीचं नऊ किलो कोण खातंय?"

"वार, पाणी, वाढलेलं रक्त, वाढलेली पिशवी आणि पुढं अंगावर पाजायला साठवण."

"बघ! साठवण म्हन्ती," आक्का सुनेकडं वळल्या. सगळ्या उत्तरातला तेवढाच शब्द त्यांना पटला होता.

मग साखरेची तपासणी आली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजलं, तेव्हा आक्का सिस्टरवर पहिल्यांदाच प्रसन्न झाल्या. दवाखानाही शेवटी आपल्याच वळणावर आला म्हणायचा! दोन तासांनी रक्त घेतलं. रेघ एकशेचाळीसवर, आकडा तिच्या बराच वर. सिस्टरनं उसाचा रस, शिरा, लाडू यांवर काट मारली. न आवरलेली साखर बाळाला नको तेवढं मोठं करते आणि बाळंतपण अवघड करते, हेही सांगितलं.

आक्का अवाक झाल्या. अकलूज, श्रीपूर, सदाशिवनगर. ज्या तालुक्यात इतके साखर कारखाने, तिथं गरोदर बाईला साखर बंद! बसस्टँडपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तिथं रसाच्या गाड्यावरचं घुंगरू वाजलं, तेव्हा मात्र म्हणाल्या, "अर्धाच घे."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण आक्कांचं पहिलं बाळंतपण बाहत्तरच्या दुष्काळातलं. सहा महिन्यांची पोटुशी असताना त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि वाट्याला आलेली सुकडी घरी नेऊन दिरा-नणंदांत वाटली. घरी सगळे जेवल्यावर भांड्याला लागलेलं ते त्यांचं. "दोघांचं खा" असं तेव्हा त्यांना कुणी म्हणालं नाही. आज गल्लीभर जी परात फिरते, तिच्यात ती थकबाकी आहे.

फक्त ती थकबाकी साखर-तुपात फिटत नाही. हरभऱ्याची, शेपूची भाजी, मोडाची मटकी, भाकरीबरोबर वाटीभर दही, परवडलं तर अंडं, भाजीवर लिंबू पिळलेलं आणि जेवणानंतर लगेच चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. याच्या जोडीला एकशेऐंशी दिवस ती लाल गोळी. माळशिरसच्या बाजारात यातलं काहीही अवघड नाही.

खरी गोम पुढंच आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी, आणि ते काही दिवस गेल्यावर कमी होत नाही. नऊ महिने दोन जिवांचं खाऊ घालायचं, आणि त्याच्या आधी व नंतर एका जिवापुरतंही उरवायचं नाही, अशी आपली रीत. पोटुशीला पहिलं ताट वाढायचा आक्कांचा कायदा उत्तम आहे. तो बारा महिने चालवा, घरातल्या प्रत्येक बाईला लावा, आणि पहिल्या पंगतीला आक्कांनाही बसवा. त्या नको म्हणतील. ऐकून न ऐकल्यासारखं करा.