शून्याचा हप्ता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात हल्ली पहाटे साडेपाचला सुनेचा मोबाइल बोलू लागतो : ‘श्वासाकडे लक्ष द्या. मन शून्य करा.’ पहिला महिना फुकट, पुढे हप्ता.

शून्यासाठी ग्वाल्हेरकरांनी पैसे मोजावेत म्हणजे कमालच झाली! किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. 876च्या शिलालेखात चांगलं गोल गरगरीत शून्य कोरलेलं आहे. पण ते कुणाच्या मनःशांतीसाठी नव्हे. देवाच्या फुलबागेचं माप 187 हात आणि 270 हात, त्या 270 मधलं ते. शिवाय देवाला रोज 50 माळा द्यायच्या. म्हणजे आमच्या गावात शून्यालासुद्धा रिकामं बसायची सोय नव्हती.

मोबाइलचा हिशेब याहून कडक. सलग एकवीस दिवस शांत राहिलं की पदक. विसाव्या दिवशी पाहुणे आले, शांतता हुकली. त्या धक्क्यानं सून दिवसभर कुणाशी धड बोलली नाही. संध्याकाळी मोबाइलनंच विचारलं, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ आठ तोंडवळ्यांतून एक निवडायचा होता. तिच्या चेहऱ्याशी जुळणारा त्यात नव्हता.

‘‘आई, तुम्हीपण पाच मिनिटं स्वतःसाठी काढत जा ना,’’ ती सौ.ना म्हणाली.

‘‘काढते गं. नळ येण्याआधी काढू की गेल्यावर?’’