करवंटी ओली की सुकी?

सर्वसाधारण सभा सकाळी अकराला सुरू होते, ही गोष्ट फक्त कार्यपत्रिकेला ठाऊक असते. सभासद साडेअकराच्या सुमारास जिना चढू लागतात. बाराच्या आसपास गणपूर्तीची घंटा वाजते आणि ती ऐकून विरोधी पक्षनेत्याच्या दालनात पोहे खात बसलेली मंडळी प्लेट पुढे करून आणखी थोडी शेव मागतात. आम्ही पत्रकार मात्र अकराला हजर असतो. यात कर्तव्यनिष्ठा वगैरे काही नाही. उशीर झाला की पंख्याखालची खुर्ची जाते.

महापालिकेच्या बातम्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शहराचं नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. वाचणाऱ्याला ते आपलंच वाटणार, आणि ज्यांचं आहे ते म्हणणार, आमच्याकडे असं काही होत नाही.

सभेची सुरुवात श्रद्धांजलीनं होते. थोर माणूस गेला असेल तर दुखवट्याचा ठराव करून सभा तहकूब करण्याचा रिवाज आहे. त्यामुळे कार्यपत्रिकेवर अडचणीचा विषय असला की सत्ताधाऱ्यांची नजर सकाळच्या पेपरातल्या निधनवार्तांवर असते. दिवंगत व्यक्ती पुरेशी थोर आहे की नाही, यावर गटनेत्यांच्या बैठकीत गंभीर चर्चा झालेली मी दाराबाहेरून ऐकली आहे. श्रद्धांजलीनंतर अभिनंदनाचे ठराव. मग मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं. कोणीही न वाचलेली गोष्ट सर्वानुमते बरोबर आहे असं ठरवण्याचा हा विधी पाव मिनिटात उरकतो.

यानंतर खरी सभा. तिचा एक नियम मला फार लवकर कळला. ज्या विषयाचा आकडा कोटींत असतो, तो मिनिटात सुटतो, आणि ज्यात पैशाचा संबंध नसतो त्याला दुपार पुरत नाही. मलनिस्सारण प्रकल्पाचा अहवाल तीनशे पानांचा असतो. त्यातल्या ‘एमएलडी’चा अर्थ विचारला तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून सगळे तज्ज्ञासारखी मान डोलावतात. मागच्या बाकावरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि विषय संपतो. पण नारळ प्रत्येकानं फोडलेला असतो.

घनकचऱ्याचे केंद्राचे नियम 2016 साली आले. त्याप्रमाणे प्रत्येक पालिकेनं आपापले उपविधी करायचे होते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, घरातला घातक कचरा वेगळा. न करणाऱ्याला दंड. आमच्याकडे हा विषय पटलावर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “महापौर महोदय, नारळाची करवंटी ओली की सुकी?”

आरोग्याधिकारी उठले. “करवंटी जैविक आहे, त्यामुळे ओल्यात.”

“तिला हात लावून बघितलाय का तुम्ही?”

सभागृहात हशा. आरोग्याधिकारी म्हणाले, “माहिती घेऊन सांगतो.” अधिकाऱ्यांच्या नोकरीत बढत्या होतात, बदल्या होतात, वेतन आयोग लागू होतात, हे वाक्य मात्र पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत तेच राहतं.

मग घनकचऱ्याचे उपायुक्त मदतीला आले. करवंटी खतप्रकल्पात लवकर कुजत नाही, यंत्राच्या पात्यात अडकते, सबब ती सुक्यात टाकावी, असं त्यांनी सांगितलं. वास्तविक माणूस कामाचं बोलत होता. पण आता वेळ गेली होती. खोबरं अर्धवट चिकटलेलं असेल तर काय, अशी शंका निघाली. त्यावर ‘करवंटी टाकण्यापूर्वी नागरिकांनी खोबरं संपूर्ण काढून घ्यावं’ अशी उपसूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळालं. एकानं देवळातल्या नारळांसाठी वेगळी तरतूद मागितली. दुसऱ्यानं त्यात धार्मिक भावनांचा प्रश्न गुंतल्याचं निदर्शनास आणलं. शहाळ्याचा मुद्दा उपस्थित होताच सभागृह उभं-आडवं दुभंगलं, कारण शहाळं कुजतही नाही आणि सुकतही नाही आणि शहाळेवाले एका विशिष्ट प्रभागात मतदार होते.

इतका वेळ गप्प बसलेल्या एका बाई तेव्हा उभ्या राहिल्या. त्या सहसा बोलत नसत. म्हणाल्या, “महापौर महोदय, माझ्या प्रभागात चार दिवस घंटागाडीच आली नाही. जो ओला होता तो सुकलाय, आणि सुका होता तो परवाच्या पावसात ओला झालाय. आता दंड कोणाला करायचा तेवढं सांगा.”

हा त्या दिवशीचा एकमेव मुद्द्याचा प्रश्न होता. महापौरांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

सगळेच विषय इतके रंगत नाहीत. चौकाला नाव देण्याचे प्रस्ताव येतात आणि चौकांपेक्षा नावं जास्त असल्यामुळे नवे चौक शोधावे लागतात. मुतारी हवी यावर एकमत असतं, ती स्वतःच्या प्रभागात नको यावर त्याहून पक्कं एकमत असतं. बायकांच्या स्वच्छतागृहांचा विषय निघाला की सगळे पक्ष तात्काळ एक होतात, भाषणं होतात, आणि पुढे काही म्हणजे काही होत नाही. कधीमधी सभागृहाला अंगात आल्यासारखं होऊन ते एखादा जोरदार ठराव करतं. मग राज्य सरकार अधिनियमाच्या कलम 451 चा आधार घेऊन तो निलंबित करतं किंवा विखंडित करतं. सभागृहाला आपल्याच ठरावाला श्रद्धांजली वाहण्याची मात्र प्रथा नाही.

राजदंडाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. महापौरांच्या आसनापुढे तो ठेवलेला असतो आणि तो जागेवर नसेल तर सभा चालू शकत नाही, अशी सर्वपक्षीय श्रद्धा आहे. त्यामुळे पाणीटंचाईवर बोलू दिलं नाही की विरोधक मोकळी मडकी घेऊन पुढे येतात, आणि मडकं फुटून भागलं नाही की राजदंड पळवतात. पळवतात हा शब्द छापण्यापुरता. तो चांगला जड असतो आणि पळवणारे बहुधा पन्नाशीचे. एकदा एका सभासदांनी तो मोठ्या आवेशानं उचलून दारापर्यंत नेला, तर छायाचित्रकारानं हाक मारली, “दादा, फ्लॅश पडला नाही, परत एकदा!” दादा परत आले, राजदंड जागेवर ठेवला, केस सारखे केले आणि पुन्हा पळवला. या वेळी शिपायानं दार आधीच उघडून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. बातमी मीच लिहिली होती आणि तिच्यात ‘झटापट’ हा शब्द होता.

असा हा तमाशा 2022 च्या मार्चात एकाएकी बंद पडला. मुदत संपली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडच्या सभागृहांना त्याच महिन्यात कुलूप लागलं. ओबीसी आरक्षण कोर्टात अडकलं होतं, प्रभाग तिघांचा की चौघांचा यावर सरकारांचं एकमत होत नव्हतं, आणि निवडणूक पुढे पुढे जात राहिली. आयुक्तच प्रशासक झाले. सभागृहाचे अधिकार त्यांना, स्थायी समितीचे अधिकारही त्यांनाच.

आता कारभार कसा चालला ते बघा. आयुक्त एखादा प्रस्ताव तयार करून प्रशासकांकडे पाठवत. प्रशासक त्याचा साकल्यानं विचार करून तो मान्य करत. मान्यता मिळाल्याचं कळल्यावर आयुक्त कामाला लागत. दोघं एकाच खुर्चीत बसत, एकाच कपातला चहा पीत, आणि त्यांच्यात कधी मतभेद झाल्याचं ऐकिवात नाही. एकदा तरी आयुक्तांनी प्रशासकांचा निषेध करून सभात्याग करावा, अशी माझी फार इच्छा होती.

पहिले काही महिने शहराला हे आवडलं. गोंधळ नाही, घोषणा नाहीत, फाइली भराभर निघतात. मीही दुपारचा घरी जेवू लागलो. मग हळूहळू लक्षात आलं की ठराव झाल्याचं आपल्याला पाण्याचं वाढीव बिल हातात पडल्यावर कळतं. विचारायचं कोणाला? लोक सवयीनं जुन्या नगरसेवकाच्याच दारात जात आणि तो म्हणे, “मी माजी आहे.” चौकाचौकात ‘भावी नगरसेवक’ अशी शुभेच्छांची पोस्टरं होती. जवळजवळ चार वर्षांत त्यातले काही भावी असतानाच माजी दिसू लागले. मला त्या करवंटीची आठवण येई. त्या चर्चेत वेळ गेला, अक्कल दिसली नाही, सगळं खरं. पण घंटागाडी चार दिवस आली नाही हे एका बाईनं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं आणि ते इतिवृत्तात छापून आलं होतं. बंद सभागृहाला इतिवृत्त नसतं.

सभेत केलेल्या विरोधाचं पुढे काय होतं म्हणाल, तर पुण्याची मंडई बघून या. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करण्याला त्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. अर्थात कोणी ऐकलं नाही. 1886 मध्ये इमारत उघडली आणि गव्हर्नर रे यांच्या नावानं ती ‘रे मार्केट’ झाली. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळालं. विरोध करणाऱ्याचं नाव त्याच वास्तूला देऊन टाकणं, हे पालिकेच्या सभागृहालाच सुचू शकतं. शिवाय त्यामागे विनोदी लेखक असावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

2026 च्या जानेवारीत एकदाचं मतदान झालं. कुलूप निघालं, खुर्च्यांवरची धूळ झटकली, माझी पंख्याखालची जागा एका चॅनेलच्या पोरीनं आधीच धरली होती. निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे नवे चेहरे पुष्कळ. पहिल्याच कामकाजाच्या सभेत तिशीतल्या एका नगरसेविकेनं हात वर केला.

“महापौर महोदय, प्रशासकांच्या काळात जेवढे ठराव झाले, ते सगळे मला बघायचेत.”

नगरसचिवांनी घसा साफ केला. “ताई, गठ्ठे फार आहेत. माहिती घेऊन सांगतो.”

“माहिती नको. गठ्ठेच आणा. मी थांबते.”

असं कोणी थांबत नसतं. सत्ताधारी विरोधकांकडे बघू लागले, विरोधक आपापल्या मोबाइलकडे. पावणेदोन वाजले होते आणि बाहेरून मटकीच्या उसळीचा वास येत होता. महापौरांनी घड्याळाकडे पाहिलं, नगरसचिवांनी महापौरांकडे, आणि आता काय करायचं ते कोणालाच सुचेना, तेव्हा मागच्या बाकावरून एक जुनेजाणते सभासद अर्धवट झोपेतून जागे होत ओरडले, “मंजूर!”