शकुंतला अन् मावशीची नणंद
(पथ्रोट, अचलपूर–मूर्तिजापूर लाइन. पऱ्हाटीच्या कुंपणाच्या दोन बाजू.)

— मावशी, आयकलं काय? टेसनाकडची बाभूळ तोडून रायले. शकुंतला गाडी येते वाटते पुन्हा!

— काय येते बाप्पा! कोणाले जळतन पायजे असन. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते तवा बी ब्रॉडगेज होते म्हणे. आमच्या बुढ्यानं पेढे वाटले होते, शुगर असून.

— लोक म्हणते, रूळ इंग्रजायचे हायेत, अजून पैसा लंडनले जाते.

— लंडन कोण पाह्यलं? रूळवाली किलिक निक्सन कंपनी मुंबईचीच होय, 1857 ची. गोरे गेले, मग शेठ आपलेच झाले. देशातल्या रेल्वे सरकारनं घेतल्या तवा हे लाइन तेवढी सुटून गेली. मंग गाडी सरकारची, रूळ कंपनीचे. भाड्याच्या घरावानी झालं, राहणारा एक, मालक दुसरा, अन् कवेलू फेरायले कोणीच नाही.

— पण बांधली त गोऱ्यायनंच ना?

— कापसासाठी बांधली, तुह्या-माह्यासाठी नाही! वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरले मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबई, मंग जहाजात मँचेस्टर. अन् इंजिन आलं ते बी मँचेस्टरचंच, 1921 चं. 1923 पासून जुंपलं, ते 1994 च्या एप्रिलपर्यंत ओढत रायलं. मंग डिझेल आलं.

— मी डिझेलवालीच पाह्यली. 77 किलोमीटरले चार तास!

— लागनच ना. फाटक आलं का गाडी थांबे. माणूस खाली उतरे, फाटक लावे, गाडी पुढं जाय, मंग फाटक उघडून धावत येऊन चढे. तिकीट बी गार्डच फाडे. माही सासू पानपिंपरीचं बोचकं घेऊन रुळाच्या कडेनं येताना दिसली, का तो शिट्टी तोंडात धरूनच उभा राहे.

— एसटीनं अर्ध्या वेळात होते, मावशी.

— होते. पण भाडं कोण देईन? माही नणंद याच लाइनीवरच्या बनोश्याची. गाडी होती तवा सारखी येऊन जाय. आता लग्नातच दिसते.

— मंग बरंच झालं की! तुमचं कधी पटलं?

— नाहीच पटलं. पिशवीभर हरभऱ्याची भाजी आणे, निवडता निवडता मले तासभर बोले, अन् संध्याकाळच्या गाडीनं जाय. आता म्हणते, वयनी, एसटीच्या तिकिटात तुमच्याशी भांडणं परवडत नाही.