लागली, असं म्हणणार कोण?

वसईतल्या आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना उतारवयात एअरसॉफ्टचं वेड लागलं आहे. वय छप्पन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर आणि आता कमरेला ठिपक्याठिपक्यांची लष्करी पँट. पुतण्याने परदेशातून व्हिडिओ पाठवले आणि बघता बघता साहेबांच्या अंगात चिमाजीअप्पा संचारले. "पहिली बंदूक कुठली घेऊ?" हे त्यांनी मला भर भाजीबाजारात, वालपापडी निवडता निवडता विचारलं. भाजीवाल्या मावशींनी टोपली हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

इतकी वर्षं विरार लोकलच्या दारात उभं राहून मुंबई गाठणाऱ्या माणसाने शस्त्राबद्दल सल्ला मागावा, हे मला जरा खटकलंच. कोपर आणि छत्री एवढ्या दोन हत्यारांवर आपण बोरिवलीकरांना आजवर थोपवून धरलं आहे.

खेळ तसा सोपा. दोन संघ, थोडी झाडी आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका. त्यांतून सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे सुटतात, एकेकाचं वजन ०.२० ग्रॅमच्या आगेमागे. हा प्रकार वाढला जपानमध्ये, कारण तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य. १९९१ साली तोक्यो मारुई कंपनीने मोटर-बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि आठवडाभर साहेबापुढे कमरेत वाकणारे गृहस्थ रविवारी झुडपांत लोळू लागले.

आपल्याकडेही हे घराणं अगदीच अनोळखी नाही. यात्रेत फुगेवाल्याच्या शेजारी, पिवळ्या छर्ऱ्यांच्या पुडीसकट काळं प्लॅस्टिकचं पिस्तूल मिळतं, ते याच्याच कुळातलं. पहिल्या दिवशी नेम पालीवर, दुसऱ्या दिवशी धाकट्या भावावर आणि तिसऱ्या दिवशी पिस्तूल माळ्यावर. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. तेव्हापासून शिक्का विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे यात्रेतला विक्रेता सहानुभूतीने पाहतो.

चेअरमनना मी तीन जाती समजावून सांगितल्या. पहिली स्प्रिंगची. दर गोळीला खटका मागे ओढायचा. स्वस्त आणि बिनकटकटीची, पण खांदा आखडलेल्या माणसाची त्यात फुकट फिजिओथेरपी होते. दुसरी गॅसची. चाप ओढला की हाताला खऱ्यासारखा झटका बसतो. थंडीत हिचा जोर उतरतो, पण वसईत थंडी पडते कधी? फक्त घरचा सिलिंडर वेळेवर येत नसताना बंदुकीसाठी गॅस आणायला वहिनींची मंजुरी लागेल. तिसरी इलेक्ट्रिकची. आत मोटर, दातेरी चक्रं, बॅटरी. नवशिक्याला बहुतेक ठिकाणी हीच सुचवतात. पावसाळ्यात पाणी भरून वीज गेली, बॅटरी चार्ज झाली नाही, तर शत्रूला सबुरीने घ्यायला सांगायचं.

आणि या तिन्हींच्या आधी चष्मा घ्यायचा, डोळे चहूबाजूंनी झाकणारा. छर्रा कातडीला लागला तर लाल वळ उठतो. डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. "माझा प्रोग्रेसिव्ह आहे," चेअरमन म्हणाले. तो चालत नाही. त्याच्यावर दुसरा चढवावा लागतो. एका नाकावर दोन चष्मे.

वहिनींचा विरोध नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "कोल्हापूरकडचा तो स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता. त्याने २०२४ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक आणलं. तुम्ही रेल्वेने रोज जाता. तुम्ही काय आणलंत?"

"भाजी," चेअरमन म्हणाले.

मग कायदा आडवा आला. २०१६च्या शस्त्र नियमांत एअरगनला दोन मापं घातली आहेत: जोर २० ज्यूलपर्यंत आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत. दोन्ही मापांत बसली तर परवाना नको. एअरसॉफ्टचा जोर साधारण एक ज्यूल. म्हणजे शिशाचा छर्रा मारणारी वीसपट जोरकस बंदूक परवान्याशिवाय घरी आणा. प्लॅस्टिकची गोळी मारणारी मात्र सहा मिलिमीटरची म्हणून मापाबाहेर. सरकारने जनावराचा जबडा मोजला, दात मोजायचे राहून गेले. परदेशातून मागवावी, तर कस्टमला तिच्यात खेळणं दिसेलच असं नाही. आणि ती खांद्याला लटकवून स्टेशनवर गेलात, तर हवालदार काही ज्यूल मोजत बसणार नाही.

मैदानाचाही प्रश्न होताच. चेअरमनांनी वसईचा किल्ला सुचवला. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. शिवाय दर बुरुजाआड एक प्री-वेडिंगवालं जोडपं आधीच दबा धरून असतं. मग त्यांनी अर्धवट इमारती सुचवल्या. त्या आपल्याकडे मुबलक, पण आत शिरल्यावर कळतं की तिसऱ्या मजल्यावर लोक राहायला आलेत.

तरीही खरी अडचण बंदुकीची नाही आणि मैदानाचीही नाही. या खेळात पेंटबॉलसारखा रंग उडत नाही, कपड्यावर खूण राहत नाही. छर्रा लागला की ज्याला लागला त्याने स्वतःच "हिट" म्हणून ओरडायचं आणि खेळाबाहेर व्हायचं, कोणी पाहिलं नसलं तरी. सगळा डोलारा एवढ्यावर उभा.

वसई-विरारमध्ये? २००९ साली महापालिका झाली. २९ गावं आत की बाहेर, हा सामना पुढे वर्षानुवर्षं कोर्ट आणि मंत्रालय अशा दोन्ही मैदानांवर रंगला. कोणाच्या तोंडून "हिट" ऐकलंत? जुलैत रस्ता पाण्याखाली जातो. कंत्राटदार म्हणतो, मला लागली नाही. अभियंता म्हणतो, लागली असेल, पण माझ्या हद्दीत नाही. पुढारी म्हणतो, लागली ती आधीच्या लोकांना. जमिनीवर छर्ऱ्यांचा सडा आणि खेळाडू सगळे ठणठणीत.

वास्तविक याचा धडा आपल्याच गावात गिरवला गेला आहे. मे १७३९मध्ये मराठ्यांच्या सुरुंगांनी वसईच्या किल्ल्याचा तट फुटल्यावर पोर्तुगीजांनी लागली हे मान्य केलं. चिमाजीअप्पांनीही त्यांना सन्मानाने किल्ल्याबाहेर जाऊ दिलं. मारणाराही खिलाडू, मार खाणाराही. पुढे ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईतच. वर्मी लागली होती, पण हे कबूल करायला त्याने १८१८ साल उजाडू दिलं. तोवर राज्य गेलं होतं. आपण पुतळा उभारला चिमाजीअप्पांचा. कारभार चालतो बाजीरावाच्या पद्धतीने.

म्हणून चेअरमनना मी म्हटलं, बंदूक येईल तेव्हा येईल. "हिट" म्हणायला परवाना लागत नाही, कस्टमही लागत नाही. येत्या सर्वसाधारण सभेपासून सराव सुरू करा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलंत आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर बादल्या मांडाव्या लागल्या. बिलावर सही तुमची. सभासद नेम धरतीलच. उठायचं, "हिट" म्हणायचं आणि खुर्ची सोडून बाहेर जायचं.

चेअरमन बराच वेळ विचारात होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यापेक्षा ती गॅसवालीच बघू या. कस्टममध्ये माझ्या ओळखीचे एक आहेत."